पाण्याच्या दोन रेघा: सांगलीतल्या एका भयपटाच्या पोस्टरचं प्रकरण

कृष्णाकाठच्या एका वाड्यात घडणारा मराठी भयपट. लांबी पावणेदोन तास, प्रमाणपत्र यूए 13+, ओळखीचा चेहरा एकही नाही. महापूर ओसरल्यावर कुटुंब घरी परततं आणि आपण नसताना इथं कुणीतरी राहून गेलंय, असं एकेकाला वाटू लागतं, एवढीच कथा. प्रसिद्धीचा पैसा बेताचा. सांगली, मिरज आणि आसपासच्या तालुक्यांच्या गावांत फ्लेक्स, थिएटरच्या दारात एक मोठा फलक, वर्तमानपत्रात दोन कॉलमची जाहिरात आणि बाकी सगळं मोबाइलवर. चित्रपटाचं नाव इथं दिलेलं नाही. फक्त त्या नावात दोन वेलांट्या आणि एक अनुस्वार आहे, हे लक्षात असू द्या. पुढं त्याचं काम आहे.

पहिलं पोस्टर जसं होतं तसं सांगितलं तर वाचणाऱ्याला ते आधीच पाहिल्यासारखं वाटेल. काळी-निळी रात्र, वाड्याचा दरवाजा, धुकं, वर पूर्ण चंद्र, मोकळ्या केसांची पांढऱ्या साडीतली बाई, खालच्या निम्म्या भागात पाच नटांचे घाबरलेले चेहरे आणि थेंब गळणाऱ्या लाल अक्षरांत नाव. खाली ओळ: ‘पाणी गेलं... पण ती गेली नाही!!’

हे पोस्टर ए-फोर कागदावर छापून लोकांना तीन सेकंद दाखवलं आणि मग कागद पालथा घातला. अशा चाचणीत प्रश्न नीट विचारावा लागतो. ‘भीती वाटली का?’ म्हटलं की समोरचा भिडेखातर हो म्हणतो. ‘काय दिसलं?’ एवढंच विचारायचं आणि गप्प बसायचं. बहुतेकांना चेहरे दिसले, काहींना बाई. आणि दोघा-तिघांनी विचारलं, विनोदी आहे का? हा प्रश्न वर्मी लागणारा होता. केस सोडलेली बाई, चंद्र, धुकं ही सामग्री आपल्याकडे विनोदी भुताटकीच्या सिनेमांनी आणि नाटकांनी इतकी वापरून ठेवली आहे, की ती आता भीती दाखवत नाही, फक्त ‘भुताचा सिनेमा’ अशी पाटी लावते. पाटी वाचून कुणी दचकत नाही.

चेहऱ्यांचं दुखणं वेगळं. माणसाची नजर चित्रात सगळ्यात आधी चेहरा शोधते. पाच घाबरलेले चेहरे दाखवले की बघणाऱ्याला उत्तर तयार मिळतं: हे घाबरलेत, म्हणजे घाबरायचं काम झालं. त्याच्या वाट्याला काही उरत नाही. 1973 सालच्या ‘द एक्झॉर्सिस्ट’चं बिल गोल्ड यांनी केलेलं पोस्टर आठवून पाहा. रस्त्यावरचा दिवा, हातात बॅग घेऊन घरासमोर उभा असलेला, पाठमोऱ्या उजेडात काळा दिसणारा माणूस, आणि वरच्या खिडकीतून पडणारा झोत. सैतान कुठंच नाही. 1979 च्या ‘एलियन’च्या पोस्टरवर तर नुसतं तडकणारं अंडं आहे. दोन्हीकडे बघणाऱ्याला प्रश्न पडतो आणि उत्तर तिकीट काढल्याशिवाय मिळत नाही.

एक गोष्ट चुकलेली

दुसऱ्या आराखड्याची सुरुवात भुतापासून न करता सांगलीकराच्या नजरेपासून केली. सांगलीत कृष्णेवरच्या आयर्विन पुलाजवळ पुराची इशारा पातळी 40 फूट आणि धोका पातळी 45 फूट. ऑगस्ट 2019 मध्ये पाणी 57 फुटांच्या वर गेलं होतं. गावभागात, म्हणजे जुन्या सांगलीत, भिंतीवरची पाण्याची रेघ कुणाला समजावून सांगावी लागत नाही. ती बघून माणूस नकळत स्वतःची उंची तिच्याशी ताडून बघतो. एवढी तयार भावना हाताशी असताना धुकं भाड्यानं आणण्यात अर्थ नव्हता.

म्हणून चित्र ठरलं ते असं: चुन्यानं रंगवलेली माजघराची भिंत, दिवसाउजेडी. जमिनीपासून साडेचार फुटांवर पुराची रेघ. रेघेच्या खाली डाग, वर कोरडी स्वच्छ भिंत. त्या कोरड्या भागात उजवीकडे एका बाईचा जुना स्टुडिओत काढलेला फोटो, लाकडी फ्रेमीत. आणि फ्रेमीच्या काचेआड निम्म्यापर्यंत पाणी. बाईचं तोंड पाण्याखाली, डोळे वर.

भिंतीवरचं पाणी साडेचार फुटांवर थांबलं होतं. फ्रेमीतलं पाणी साडेसहा फुटांवर आहे. बाकी चित्रात काहीही वावगं नाही, आणि नसायलाच हवं. आजूबाजूचं सगळं शंभर टक्के खरं असेल तरच ती एक चुकलेली गोष्ट टोचते. भिंतीवर कोळ्याचं जाळं, कोपऱ्यात सावली, जमिनीवर बाहुली अशी एकेक भर घालायचा मोह प्रत्येक बैठकीत झाला. प्रत्येक भरीनं फ्रेमीतल्या पाण्याचा जोर कमी झाला असता, कारण डोळ्याला दोन चुका दिसल्या की तो तिसरी शोधू लागतो आणि सगळा खेळ कोडं बनतो.

पर्याय म्हणून ओल्या तळव्याचा ठसाही विचारात होता, बोटं खालच्या दिशेला असलेला. लांबून तो जास्त ठळक दिसला असता. पण हाताचा ठसा इतक्या पोस्टरांवर येऊन गेलाय की तो पहिल्याच नजरेत कळतो. इथं हवं होतं ते उलटं. पहिल्या नजरेत ‘पुराची भिंत’ म्हणून माणूस पुढं सरकावा आणि दुसऱ्या नजरेत पाय अडावा. अस्वस्थपणा राहतो तो या दोन नजरांच्या मधल्या जागेत, आणि पुढचं सगळं काम, अगदी छापखान्यापर्यंतचं, ती जागा जपण्याचं होतं.

भिंत आणि रेघ

भिंतीला चुन्याचा नवा हात द्यायचाच होता, म्हणून वाड्याच्या मालकांनी डाग पाडायला परवानगी दिली. रेघ मारताना पहिली चूक सगळे करतात ती म्हणजे जमिनीपासून माप घेणं. जुन्या वाड्याची जमीन, खिडकीचा उंबरा, तुळई यांतलं काहीच ओळंब्यात किंवा पातळीत नसतं. पाणी मात्र पातळीतच उभं राहतं. जमिनीवरून मापलेली रेघ बारा फुटांत बोटभर तिरकी गेली, तरी ‘रंगवलेली’ दिसते, का ते सांगता आलं नाही तरी. गवंड्याची पाणी भरलेली पारदर्शक नळी घेऊन दोन्ही टोकांना खुणा केल्या आणि त्यांच्यामध्ये दोरी ताणली, की प्रश्न मिटतो.

खऱ्या पुराच्या खुणेला रचना असते. सगळ्यात वरची रेघ गडद, कारण कमाल पातळीला पाणी रेंगाळतं आणि तरंगणारा कचरा, तेलकट थर तिथं चिकटतो. तिच्याखाली फिकट रेघा, पाणी थांबत थांबत उतरल्याच्या. आणि गडद रेघेच्या वर वीतभर ओलीचा ढग, कारण चुना आणि माती पाणी वर शोषून घेतात. तो वाळला की त्याच्या कडेला पांढरे क्षार फुलतात. हा ढग नसेल तर डाग स्टिकर लावल्यासारखा दिसतो.

डागासाठी नदीचा गाळ वस्त्रगाळ करून घेतला: एक किलो गाळाला तीन लिटर पाणी आणि रंग मातकट करायला चिमूटभर गेरू. भिंत आधी रेघेपर्यंत फवाऱ्यानं भिजवायची, मग स्पंजनं डाग भरायचा. कोरड्या भिंतीवर लावलं की ओघळ उमटतात, आणि ओघळ म्हणजे वरून सांडलेलं पाणी. पूर खालून वर येतो. वरच्या रेघेचा हात त्याच पाण्यात खाली बसलेल्या घट्ट गाळाचा, ब्रशनं, तुटक.

फ्रेम

सगळ्यात जास्त वेळ गेला तो इथं. फोटो कुणा खऱ्या मयत व्यक्तीचा नसावा, हे आधी ठरलं. चित्रपटातल्याच अभिनेत्रीचा फोटो जुन्या स्टुडिओच्या धाटणीनं काढला: समोरून एक मऊ दिवा, मागं रंगवलेला पडदा, नजर भिंगाच्या किंचित खाली. डोळ्यांतला उजेडाचा ठिपका काही जण पुसून टाकतात, म्हणजे डोळे मेलेले वाटतात. इथं तो ठेवला. मेलेले डोळे दिसले की बघणाऱ्याला पोस्टरवाल्याची हुशारी कळते. जिवंत डोळे बघून तो गप्प होतो.

फ्रेमीच्या आत ॲक्रिलिकची चपटी पेटी: आतून 12 बाय 15 इंच, खोली एक इंच. सांधे सिलिकॉननं बंद करून चोवीस तास वाळू द्यायचे. घाई केली की पाणी भरल्यावर खालच्या कोपऱ्यातून झिरपतं आणि भिंतीवर नको तिथं ओघळ येतो. फोटो साध्या इंकजेट कागदावर चालत नाही, शाई सुटते. व्हिनाइलवर छापून लॅमिनेट केला. निम्मी पेटी म्हणजे दीड लिटर पाणी, दीड किलो वजन, वर लाकूड आणि ॲक्रिलिक. मातीच्या भिंतीत खिळा एवढं धरत नाही, गिलावा घेऊन खाली येतो. लाकडी खुंट्या ठोकून त्यांत स्क्रू बसवले.

पाणी नळाचं थेट भरलं तर थोड्या वेळानं फोटोवर बारीक बुडबुडे धरतात, कारण त्यात विरघळलेली हवा बाहेर पडते. उकळून थंड केलेलं पाणी भरायचं. गढूळपणासाठी गाळ टाकला तर तो दहा मिनिटांत तळाला बसतो. चहाच्या कोऱ्या पाण्याचे थेंब रंग देतात आणि बसत नाहीत.

आता मुख्य युक्ती. काचेआड पाणी आहे हे लांबून कसं कळणार? सरळ समोरून फोटो काढला तर पाण्यातला भाग नुसता मळका दिसतो. बाजूनं बघितलं की पाण्यातला चेहरा सरकतो: एक इंच पाण्यामागं, तीस अंशांच्या कोनातून, साधारण चार मिलिमीटर. नाक एका जागी आणि हनुवटी दुसरीकडे. चेहरा चार इंच रुंद असेल तर एवढं पुरतं; मेंदू चेहऱ्यातला अगदी बारीक बिघाडही पकडतो. पण कॅमेरा तिरका धरला की भिंतीवरची रेघ तिरकी जाते आणि आधीची सगळी मेहनत वाया.

उपाय असा: कॅमेरा भिंतीला तंतोतंत समांतर, आठ फुटांवर, चार फूट उंचीवर, फुल फ्रेम (36 बाय 24 मिलिमीटर सेन्सरच्या) कॅमेऱ्याला 24 मिलिमीटरची वाइड, म्हणजे रुंद दृश्य घेणारी लेन्स. आडव्या चौकटीत 12 बाय 8 फूट भिंत येते. फ्रेम चौकटीच्या मध्यापासून उजवीकडे साधारण साडेचार फुटांवर टांगायची. भिंत समांतर असल्यानं रेघ सरळ राहते, आणि लेन्स फ्रेमीकडे मात्र तीस अंशांतून बघते. वाइड लेन्सनं कडेला माणसाचं डोकं ताणलं जातं. सपाट फोटो भिंतीला समांतर असेल तर ताणला जात नाही. इथं माणूस नसल्याचा हा आणखी एक फायदा.

ॲक्रिलिकवरची चमक काढायला लेन्सवर पोलरायझर, म्हणजे परावर्तित उजेड अडवणारा फिल्टर लावला, पण तीस अंशांना तो अर्धवटच काम करतो. पूर्ण परिणाम पंचावन्न अंशांच्या आसपास मिळतो. म्हणून चमक जिथून येते त्या बाजूला, फ्रेमीच्या उजवीकडे, काळं कापड टांगलं. उजेड डावीकडून, भिंतीला जवळजवळ घासून जाणारा, म्हणजे गिलाव्याचे खाचखळगे उठतात आणि फ्रेमीतल्या पाण्याच्या कडेवर बारीक चकाकणारी रेघ मिळते. ती रेघ हीच ‘इथं पाणी आहे’ याची पावती. लेन्सचं छिद्र एफ-8, संवेदनशीलता आयएसओ 100, ट्रायपॉड. काही हलत नसल्यानं शटर कितीही सावकाश चालतं.

नाव कुठं लिहायचं

देवनागरीला शिरोरेषा आहे, आणि या चित्रात आडवी रेघ आधीच आहे. नाव रेघेच्या लगेच खाली टांगलं: अक्षरांची अंगं डागाच्या आत, भिंतीच्या चुन्याच्या रंगात, जणू तेवढ्या जागी डाग लागलाच नाही. वेलांट्यांचे वळसे आणि अनुस्वार रेघेच्या वर, कोरड्या भागात. तिथं रंग उलटा, डागाचा. नाव पाण्यात उभं राहिलं आणि वेलांट्या तेवढ्या वर तरंगल्या. गळणारे थेंब, लाल रंग, दोन्ही गेले.

अक्षर किती मोठं असावं याचा फलक रंगवणाऱ्यांचा ढोबळ हिशेब एक इंच उंचीला दहा फूट अंतर असा असतो. जोडाक्षरं आणि मात्रा असलेल्या मराठीला तो पुरत नाही. एका इंचाला पाच फूट धरलेलं बरं. दहा बाय आठच्या फ्लेक्सवर अक्षराचं अंग नऊ इंच ठेवलं, म्हणजे पंचेचाळीस फुटांवरून सहज वाचता येतं. खालची ओळ बदलून झाली: ‘पाणी उतरलं होतं.’ तीन टिंबं आणि दोन उद्गारचिन्हं काढून टाकली, की मराठी ओळ बऱ्याचदा आपोआप शहाणी होते.

निर्मात्याला चेहरे हवे होते, आणि एका चर्चेत ‘2019’ हा आकडाही मोठा छापावा असं निघालं. चेहऱ्यांची वेगळी चित्रं मोबाइलसाठी करून दिली. आकडा मात्र घेतला नाही. रेघ प्रत्येकाची असते. साल छापलं की ती कुणाच्या तरी घरची होते, आणि त्या घरात काय गेलं ते पोस्टरवाल्याला माहीत नसतं. नदीकाठच्या वस्तीत फ्लेक्स लावायचे नाहीत आणि प्रसिद्धी पावसाळ्यात करायची नाही, हेही तेव्हाच ठरलं.

छपाईत भीती कुठं मरते

भयपटाचं पोस्टर काळंच असायला हवं या समजुतीचं सगळ्यात मोठं नुकसान फ्लेक्सवर दिसतं. पडद्यावर खोल दिसणारा काळा फ्लेक्सवर राखाडी होतो. तो गडद करायला चारही शाया भरभरून मारल्या की थर वाळत नाही आणि गुंडाळल्यावर चिकटतो. वर्तमानपत्राच्या कागदावर शाई पसरते, अंधारातले तपशील एकमेकांत मिसळतात. शिवाय चौकातली स्पर्धा बघा: वाढदिवसाचे शुभेच्छुक, भगवं-पिवळं, पंचवीस चेहरे. त्यात काळा फलक रात्री नाहीसाच होतो. फिकट, जवळजवळ रिकामी भिंत मात्र उठून दिसते, कारण चौकात रिकामं दुसरं काही नसतं. पांढरा शून्य आणि गाढ काळा शंभर धरला, तर इथं भिंतीचा रंग साधारण 15 टक्के करडा, डाग 55, सगळ्यात गडद जागा म्हणजे फ्रेमीचं लाकूड, 85. गाढ काळ्याची गरजच पडली नाही.

तरी एक घोटाळा झाला. पहिला फ्लेक्स आला तेव्हा भिंत पांढरीफटक आणि डाग चॉकलेटी. छापणाऱ्या मुलानं मनापासून सांगितलं, “दादा, जरा ब्राइट केलंय, उठून दिसतंय.” रोजच्या फ्लेक्सना तो तेच करतो आणि गिऱ्हाईक खूश होतं. पण भिंत पांढरी होताच फ्रेमीतल्या पाण्याची चकाकणारी कड तिच्यात हरवली आणि चित्रात नुसता मळका फोटो उरला. दुसऱ्या वेळी मूळ मापातली एक फुटाची उभी पट्टी आधी छापून घेतली: तीत डाग, रेघ, कोरडी भिंत आणि फ्रेम, चारही येतील अशी. ती उन्हात आणि ट्यूबच्या उजेडात बघून मगच पूर्ण छपाई, आणि फाइलवर ठळक सूचना: रंग बदलू नये. कडेला तीन इंच जादा भिंत सोडली, कारण दुमडपट्टी आणि दोरी ओवायच्या रिंगा तेवढं खातात. नाहीतर एखादी रिंग थेट फ्रेमीत येते.

आकारांप्रमाणे चित्र बदलावं लागलं. चाळीसच्या वेगानं जाणारा मोटारसायकलवाला सेकंदाला अकरा मीटर पुढं सरकतो; त्याला दुसरी नजर टाकायला वेळच नाही. म्हणून रस्त्याकडेच्या फलकावर फ्रेम मोठी केली, नुसते डोळे, पाणी आणि खाली नाव. वर्तमानपत्रातही तेच, कारण दोन कॉलमात पूर्ण भिंत घेतली तर फ्रेम सात-आठ मिलिमीटरची होते. मोबाइलच्या उभ्या चित्रात पूर्ण भिंत चालते, माणूस बोटांनी मोठं करून बघतो. फक्त फ्रेम वरच्या टोकाला नको, तिथं स्टेटसचं नाव आणि वेळ येते.

पूर्ण चित्राचा खरा कस लागला तो थिएटरच्या दारात. मूळ दृश्याची उंची आठ फूट, फ्लेक्सची उंचीही आठ फूट, म्हणजे छपाई खऱ्या मापाची. फलक वर टांगायची सवय असते. इथं तो चौकटीसह थेट फरशीवर उभा केला. त्यामुळं पुराची रेघ येणाऱ्याच्या छातीला लागते आणि फ्रेमीतले डोळे त्याच्या डोक्याच्या वर येतात. वरच्या ट्यूबचा चकाकता पट्टा फ्लेक्सवर पडत होता, तो बंद करून डावीकडून दिवा लावला, कारण चित्रातला उजेडही डावीकडचा आहे. सेल्फी काढणारे टेकू लागले तसा दोन दिवसांत छातीच्या उंचीवर रंग घासला गेला. कठडा लावला असता तर भिंत ‘प्रदर्शन’ झाली असती. त्यापेक्षा घासलेला भाग तसाच राहू दिला. डागात तो खपून गेला.

दुसऱ्या आठवड्यात नेहमीची मागणी आली: लाल चांदणीत ‘दुसरा आठवडा’, फलकाच्या मधोमध, कोऱ्या जागेत. ती कोरी जागा म्हणजेच चित्र, हे तोंडी पटवणं अवघड होतं. चित्रावर चांदणी चिकटवून दाखवली, तेव्हा नजर आधी चांदणीवर आणि मग बाहेर जाते हे सगळ्यांनाच दिसलं. शेवटी पांढऱ्या कागदाची चार इंची पट्टी छापून फलकाच्या खालच्या कडेला, डागाच्या भागात, प्रमाणपत्राच्या खुणेशेजारी डकवली.